प्रत माहितीस्तव

आधीच सांगून टाकतो, सासरेबुवांचं नाव उडवायचा माझा काडीइतकाही विचार नव्हता. ते नाव त्या यादीत आहे हेच मुळात मला ठाऊक नव्हतं. ही सबब आमच्या घरात अजून कुणी पुरती ऐकून घेतलेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मी वजनमापं तपासणीच्या कार्यालयात संगणकाचं काम बघतो. दुकानदारांचे काटे, तराजू, वजनं आमच्याकडे तपासायला येतात आणि बरोबर निघाली की त्यांच्यावर शिक्का बसतो. मी स्वतः आजवर एकही वजन उचललेलं नाही. माझ्या ताब्यात फक्त एक सर्व्हर आहे. तो पूर्वीच्या वजनांच्या खोलीत, रद्द झालेल्या पाच-पाच किलोंच्या रांगेशेजारी मांडलेला आहे आणि कार्यालयाची प्रत्येक मेल त्याच्यातून ये-जा करते. खोलीच्या दारावर 'संगणक विभाग' अशी पाटी आहे. विभागात मी एकटाच.

तर एका सोमवारी साहेबांनी बोलावलं. साहेब नुकतेच बदलून आलेले, त्यामुळे त्यांना अजून प्रश्न पडत होते.

"एका मेलच्या चोपन्न प्रती कशाला जातात हो?"

मी म्हटलं, "साहेब, आपल्याकडे तशी पद्धतच आहे. दुसऱ्या मजल्यावरचा नळ गळतो एवढंच कळवायचं असलं, तरी खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून अख्खी यादी जोडतात. कुणाला वगळलं तर तो आठवडाभर बोलत नाही."

"आणि हे चोपन्न जण वाचतात?"

"वाचत कुणीच नाही. पण यायला हवी."

शिवाय त्या यादीत नावं वाढत गेलेली, कमी कधीच झालेली नाहीत. तेरा जण निवृत्त झालेले, दोघांची बदली झालेली, आणि एक गृहस्थ तर तीन वर्षांपूर्वी वारलेले. त्यांना परवाच आरोग्य तपासणीला हजर राहण्याची मेल गेली होती. ते आले नाहीत म्हणून खुलासाही मागवला होता.

"काढा सगळ्यांना," साहेब म्हणाले.

मी चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. मेल सर्व्हरमध्ये शिरली की स्क्रिप्टने तिला दारातच अडवायचं, खालची यादी वाचायची, जो आता नोकरीत नाही त्याचं नाव खोडायचं आणि मग तिला पुढे सोडायचं. पाठवणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्याला पत्ता नाही. निवृत्तांचे पत्ते मी कार्यालयाच्या सेवानोंदींमधून उचलले. म्हणजे मी उचलले नाहीत, स्क्रिप्टनेच उचलले. नावं वाचायचा त्रास घेतला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या दिवशी मी स्वतःवर भलताच खूश होतो आणि खूश माणूस याद्या वाचत नाही.

आता घरचं सांगतो. सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडेच असतात. ते याच कार्यालयात बावीस वर्षं मुख्य लिपिक होते. माणूस शिस्तीचा. रोज सकाळी आठला अंघोळ करून, शर्ट खोचून मागच्या खोलीतल्या संगणकापुढे बसायचे ते दहाला उठायचे. हातात तांबडी पेन्सिल. आम्हाला वाटायचं, वर्तमानपत्र वाचत असतील. विचारलं तर म्हणायचे, "आहे जरा."

मंगळवारी ते आठ वाजून दहा मिनिटांनी बाहेर आले.

"जावईबापू, संगणक बिघडलाय."

मी तपासला. ठणठणीत होता. बुधवारी ते आठ वाजून पाच मिनिटांनी बाहेर आले. गुरुवारी बसलेच नाहीत. शर्ट खोचलेला तसाच ठेवून थेट स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला म्हणाले, "हे डबे कुठल्या क्रमाने लावलेत?"

बायको म्हणाली, "हाताला येतील तसे."

"असं कसं चालेल?"

आणि तिथून आमच्या घराचं कार्यालय झालं. डब्यांना क्रमांक मिळाले. साखर सात, मीठ आठ, आणि साताच्या जागी चुकून आठ ठेवला गेला त्या दिवशी सगळ्यांनी खारट चहा प्यायला. दाराशी एक वही टांगली. बाहेर जाताना वेळ, कारण आणि सही. न्हाणीघराच्या दारावर कागद लागला: 'नळ पूर्ण बंद करावा. हलगर्जीपणा आढळल्यास गंभीर दखल घेण्यात येईल.' खाली सही नव्हती, फक्त 'आदेशावरून' एवढंच होतं. कुणाच्या आदेशावरून ते विचारायची माझी छाती झाली नाही. माझ्याच घरात मी दोनदा उशिरा येण्याची कारणं लेखी दिली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण सासरे पडले वजनमापंवाले. एका सकाळी ते घरातला छोटा काटा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या डाळीच्या पुड्यांचं फेरवजन केलं. पुड्या बरोबर निघाल्या, हा अपमान वाण्याला जास्त लागला. त्याने आमच्याकडे सामान पोचवणं बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून डाळ आणायला मी जातो आणि वाणी मला प्रत्येक पुडी दोनदा वजन करून देतो.

मग शेजाऱ्यांची पाळी आली. आमच्या शेजारी एक विमा एजंट राहतात. मोठे सल्ल्याचे गृहस्थ. मी जिन्यात भेटलो की त्यांचा सल्ला सुरू.

"वडीलधाऱ्यांना छंद लावा, छंद! झाडं आणून द्या. बुद्धिबळ शिकवा. माणूस रिकामा बसला की खचतो."

मी चार कुंड्या आणल्या. सासऱ्यांनी त्यांना क्रमांक दिले आणि रोपांची उंची रोज सकाळी मोजून वहीत लिहू लागले. तिसरं रोप सहा दिवस वाढलं नाही तेव्हा त्याच्यापुढे उभं राहून त्याला बरंच काही सुनावलं. बुद्धिबळाचा पट आणला, तर प्याद्यांची वजनं सारखी नाहीत म्हणून तो परत पाठवायला लावला.

"तुम्ही त्यांना माझ्याकडे पाठवा," विमावाले म्हणाले. "दोन गप्पा मारतो. मोकळं वाटेल त्यांना."

सासरे गेले. गप्पा मारता मारता त्यांची नजर विमावाल्यांच्या घरातल्या वजनकाट्यावर गेली. त्यांनी तो उलटा केला, झटकला, आमच्याकडून पाच किलोचं वजन नेऊन त्यावर ठेवलं आणि निकाल दिला, "काटा चार किलो कमी दाखवतो."

विमावाल्यांच्या सौ. गेले वर्षभर त्या काट्यावर उभ्या राहून बारीक होत होत्या. त्या दिवसापासून ते कुटुंब आम्हाला जिन्यात भेटत नाही. दार उघडायच्या आधी आत कुजबूज ऐकू येते, आम्ही उतरून गेलो की मग दार उघडतं. सल्लेही थांबले, पण आमच्याबद्दलचं मत सगळ्या इमारतीत पोचलं. माझं चार माणसांत जे काही नाव होतं ते त्या चार किलोंत गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी बायको मागच्या खोलीत वडिलांपाशी बसली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती डोळे पुसतच.

"अहो, बाबांना कार्यालयाच्या मेल येत होत्या. निवृत्त झाल्यापासून. अकरा वर्षं. सगळ्या. रोज सकाळी ते त्याच वाचत बसायचे."

मी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली.

"महिना झाला, एकदम बंद झाल्या. म्हणाले, 'माझं नाव कुणीतरी काढलं असणार. बरोबरच आहे म्हणा, काढायलाच हवं होतं.' इतकं वाईट वाटलं हो मला. कुणी काढलं असेल?"

मी पंख्याकडे बघितलं. पंख्याकडे बघणारा नवरा म्हणजे काय हे बायकोला वीस वर्षांच्या संसारात पाठ झालेलं आहे.

"तुम्ही?"

"मी नाही. स्क्रिप्ट."

"स्क्रिप्ट कुणाची?"

त्यापुढचं संभाषण इथे देत नाही. शेवट एवढाच की बाबांच्या मेल सुरू होईपर्यंत तिने माझ्याशी फक्त दाराच्या वहीतून बोलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. एका निवृत्त गृहस्थांना माहितीस्तव प्रती पाठवता येतील का, असं आडून विचारलं. साहेबांनी परिपत्रक काढून दाखवलं. चालू पत्रव्यवहार बाहेरच्या माणसाला देता येत नाही, निवृत्त माणूस म्हणजे बाहेरचा माणूस. मी तोंड पाडून परत निघालो, पण परिपत्रक हातात होतं म्हणून सवयीने उलटून बघितलं. मागच्या पानावर होतं: दहा वर्षांहून जुना पत्रव्यवहार कुणीही मागितल्यास द्यावा.

आणि मला ते सुचलं. सुचायला नको होतं.

अकरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर यंदाच्याशी वारासकट जुळतं. तेव्हाचा सोमवार आजही सोमवार. मी दुसरी स्क्रिप्ट लिहिली. तिने रोज सकाळी जुन्या साठ्यातून बरोबर त्याच तारखेच्या मेल काढायच्या, वर्ष बदलायचं, आणि माणसं बदललेली म्हणून नावाच्या जागी फक्त हुद्दा टाकायचा. निरीक्षक, लेखापाल, मुख्य लिपिक. मग सर्व्हरमधून जाता जाता खाली 'प्रत माहितीस्तव' करून सासऱ्यांकडे रवाना. मला भीती एकच होती. या मेल त्यांनी एकदा वाचलेल्या आहेत, ओळखतील.

छे! पहिल्या सकाळी सासरे आठला बसले ते सव्वादहाला उठले. चेहऱ्यावर तजेला.

"दुसऱ्या मजल्यावरचा नळ अजून गळतोय," ते समाधानाने म्हणाले. "शिक्क्याची शाई पुन्हा पातळ आलीय. आणि निरीक्षकांना खुर्ची मिळालेली नाही."

मी कार्यालयात जाऊन बघितलं. दुसऱ्या मजल्यावरचा नळ खरोखर गळत होता. शाई पातळ होती. निरीक्षक स्टुलावर बसले होते. अकरा वर्षांत आमच्या कार्यालयात ओळखता येईल असं काही घडलेलंच नव्हतं.

घरात शांतता आली. डब्यांचे क्रमांक राहिले, पण दाराची वही गेली. बायको तोंडाने बोलू लागली. सासरे मेलच्या छापील प्रतींवर तांबड्या पेन्सिलीने खुणा करत आणि जेवताना मला सांगत, "तुमच्या मुख्य लिपिक बाई बरं लिहितात, पण वाक्यं फार लांब." ती वाक्यं त्यांचीच होती. मी मान डोलवून पोळीचा घास तोंडात कोंबायचो.

दोन आठवडे असे सुखात गेले. मग एकोणतीस तारीख आली. संध्याकाळी घरी पोचलो तर सासरे इस्त्री करत होते.

"जावईबापू, तुम्ही मला बोलला नाहीत. तुमच्या मुख्य लिपिक बाई उद्या निवृत्त होतायत."

"कोण म्हणतं?"

त्यांनी कागद पुढे केला. 'मुख्य लिपिक हे दिनांक तीस रोजी सेवानिवृत्त होत असून निरोपाचा कार्यक्रम दुपारी चार वाजता सभागृहात आयोजित केला आहे. तरी सर्वांनी उपस्थित राहावे. आदेशावरून, मुख्य लिपिक.' 'हे' वर तांबडी खूण होती.

बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि मला कोपराने ढोसलं. ती नोटीस सासऱ्यांची होती. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीची. त्या कार्यालयात सगळ्या नोटिसा मुख्य लिपिकानेच काढायच्या असतात, म्हणून ती त्यांनीच लिहिली होती.

"बिचारीला स्वतःचीच नोटीस काढावी लागली बघा," सासरे म्हणाले. "लवकर घेतली असणार निवृत्ती, घरी काही अडचण असेल. माझ्या वेळेला फारसं कुणी आलं नव्हतं. मेल कोण वाचतंय? तसं हिच्या बाबतीत नको. मी दुपारपासून सगळ्यांना फोन केले. जुन्या बारा जणांपैकी अकरा येतायत. त्यांना सांगितलंय, आपापल्या ओळखीच्यांना कळवा."

रात्रीचं जेवण मला गेलं नाही. बायको हळूच म्हणाली, "सांगून टाका त्यांना." मी त्यांच्याकडे बघितलं. ते कागदावर भाषण उतरवत होते, ओठ हलत होते. मी ताट उचलून आत नेलं.

सकाळी कार्यालयात पोचतो तो मुख्य लिपिक बाई माझ्या दारात उभ्या. हातात शिक्क्यांच्या कपाटाच्या किल्ल्या.

"चौघांनी माझं अभिनंदन केलं. एक जण डोळे पुसून गेला. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, मी निवृत्त कशी होतेय?"

"कुणीतरी म्हणालं असेल, अशी मेल आलीच नाही म्हणून?"

"कोण म्हणणार? मेल वाचतंय कोण? सगळ्यांना वाटतंय आपणच वाचली नसेल."

मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. नळ, काटा, चार किलो, सगळं. बाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. एकदा हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"मी इथे आले तेव्हा मला शिक्का सरळ उमटवता येत नव्हता," त्या म्हणाल्या. "त्यांनी तीन दिवस माझ्याशेजारी उभं राहून शिकवलं. एकदाही आवाज चढवला नाही. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी रजेवर होते. ठीक आहे, होते मी निवृत्त. पण पाच वाजेपर्यंतच हं. साडेपाचला मला शिक्के मोजून कपाट लावायचंय."

चार वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जुने लोक काठ्या टेकत आले होते, एकमेकांना मोठ्याने ओळखत होते. साहेबही आले. कुठल्याही कागदावर न वाचता सही करायची सवय त्यांना या दोन महिन्यांत लागलीच होती, त्यामुळे त्यांना खात्री होती की बाईंचा अर्ज आपणच मंजूर केला. त्यांनी सात मिनिटं भाषण केलं. बाईंच्या जाण्याने पोकळी निर्माण होईल म्हणाले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, हसू दाबायला. साहेबांनी फुलांचा मोठा गुच्छ त्यांच्या हातात दिला.

मग सासरे उभे राहिले. लिहून आणलेला कागद खिशातून काढला, चष्मा लावला, आणि पुन्हा कागद खिशात घातला.

"बाई, मी तुम्हाला खरं सांगतो. पहिल्या सोमवारी मी तयार होऊन दाराशी उभा राहिलो. कुठे जायचं ते आठवेना. दहा मिनिटं तसाच उभा होतो. मग बायको म्हणाली, आता आत या. तुमच्याही बाबतीत असं होईल. घाबरू नका. आणि घराला कार्यालय करू नका. मी अलीकडेच महिनाभर ते केलं. मुलीने आणि जावयाने सोसलं, मला बोलले नाहीत. मला अजून इथल्या मेल येतात. नळ गळतो हे कळलं की बरं वाटतं मला. हसू नका, खरं सांगतोय. कुणीतरी आपल्याला कळवतंय, एवढंच हवं असतं."

कुणीच हसलं नाही. साहेब माझ्याकडे वाकले. "यांना मेल जातात?"

"अकरा वर्षांपूर्वीच्या, साहेब. परिपत्रकाप्रमाणे."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनीच सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. बाईंनी पुन्हा डोळे पुसले. या वेळी त्या हसत नव्हत्या.

घरी परतताना आम्ही दोघं चालत निघालो. सासरे खुशीत होते.

"बाई नशीबवान हो. काय गर्दी!"

फाटकाबाहेर शंभर पावलं गेलो असू. मी थांबलो आणि सांगून टाकलं. यादीतलं नाव मी काढलं. मेल जुन्या आहेत. नोटीस तुमची आहे, बाबा. बाई निवृत्त झालेल्या नाहीत, आत्ता वर शिक्के मोजतायत.

सासऱ्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे दोन आठवडे मला शिळं वाढलंत?"

"हो. चुकलं माझं. फार चुकलं."

"मला विचारायचं होतंत. मी समजलो असतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. "मी एवढा खुळा वाटलो तुम्हाला?"

मग जे इतकी वर्षं बोललो नव्हतो तेच तोंडातून आलं. "त्या वेळी तुमच्या निरोपाला मी आलो नव्हतो, बाबा. मी इमारतीतच होतो. सर्व्हरच्या खोलीत. मेल मी वाचली नव्हती."

"माहीत आहे," सासरे म्हणाले. "सहा जण होते. मी मोजले होते. त्यात तुम्ही नव्हतात."

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. सासऱ्यांनी मला हाताला धरून कडेला घेतलं.

"आज छत्तीस होते," ते म्हणाले. "तुम्हाला धरून."

"हो बाबा."

"माझ्यासाठी."

"तुमच्यासाठीच."

त्यांनी घड्याळ बघितलं. पाच वाजून वीस मिनिटं. शर्ट पुन्हा नीट खोचला आणि गर्रकन मागे वळले.

"मग चला. साडेपाचला कपाट लावून बाई जातील. तो गुच्छ माझा आहे."

आणि सासरे कार्यालयाच्या फाटकाकडे निघाले. त्यांना गाठायला मला पळावं लागलं.